आटे

रबाळे एमआयडीसी, गाळा चौदा, रात्रीचे पावणेअकरा.
इंजिनाच्या माउंटिंगचा शेवटचा बोल्ट
आवळत आवळत आला,
आणि एकाएकी लोण्यात फिरावा तसा फिरला.
ज्याने कधी पाना धरलाय
त्याच्या मनगटाला ठाऊक असते
ती मऊ, निर्लज्ज मोकळीक.
आटे गेले.

विनया म्हणते, आटे तुझे गेलेत,
बोल्टाला कशाला नावं ठेवतोस?
तिचंही चूक नाही.
मोठी तीन खोकी न्हावाशेव्याला सात आठवडे पडून होती.
कस्टमच्या माणसाने विचारलं, यात काय आहे?
म्हटलं, गाडी.
तो खोक्यात वाकून म्हणाला, कुठाय?

तेव्हापासून रोज मी त्यालाच उत्तर देतोय.

यादीत पुड्या एकशे बारा, निघाल्या एकशे नऊ.
दरवाजे दोन, दोन्ही डावे.
उजवा यायला एक दिवाळी गेली,
तोवर मी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल पाजलं,
शेजाऱ्यांच्यासुद्धा.

बंद पडलेल्या कंपनीची जुनी डायरी आहे माझ्याकडे,
तारखा खोडून तिच्यात लिहितो:
'डावा इंडिकेटर दिला की हॉर्न वाजतो.'
'हॉर्न दिला की काहीच नाही.'
'गिअरबॉक्स चार मिलिमीटर पुढे.'
चार मिलिमीटर म्हणजे मसुराचा एक दाणा.
एका मसुरासाठी
अख्खं इंजिन साखळीला टांगून पुन्हा बाहेर.
'खर्च' हा शब्द मी लिहायचा सोडला,
नुसती रेघ ओढतो.

एकदा हातोडा घातला होता मी. नोव्हेंबरात.
कारण आता आठवत नाही,
पण गाडीच्या फायबरच्या नाकावर
तो नोव्हेंबर अजून दिसतो.
वरून रंग दिला तरी बोटाला लागतो.

शेजारच्या गाळ्यात हरेश मढवी खिडक्यांच्या जाळ्या जोडतो.
घणसोली गावातला. बाप मिठागरात राबला,
म्हणून असेल, याला थांबता येतं.
त्या दिवशी तो हातातलं काम टाकून आला,
नाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
चहा सांगितला.
मग बऱ्याच वेळाने म्हणाला,
"पयले दोन आटे बोटानी घे रं.
बोटाला नाय गेला, तं पान्याला पन नाय जानार.
पान्यानी जातो तो नुसता जोर."

मी आयुष्यभर इन्स्ट्रुमेंट्सवर काम केलं,
प्रेशर मोजलं, तापमान मोजलं,
लोकांच्या टाक्या कधी फुटतील ते आधी सांगितलं.
स्वतःचा काटा लाल रेषेवर गेलेला
मला दुसऱ्याने दाखवायला लागला.

तर आज, पावणेअकराला,
पाना भिंतीवरच्या त्याच्या आकारात परत टांगला.
(प्रत्येक हत्याराभोवती रेघ मारलीय मी,
कोण घरी नाही ते लगेच कळतं.)
दिवा घालवला. शटर ओढलं.
पायरीवर बसून हात रॉकेलने धुतले.
बेलापूर रोडवरून ट्रेलर जात होते,
कुणीतरी जोडलेले, चालणारे.
डायरीत लिहिलं:
'आज माउंटिंगचे आटे गेले.
आणखी काही गेलं नाही.'

सकाळी भोक मोठं केलं, टॅप फिरवला,
अर्धा फेरा पुढे, पाव मागे,
किस झटकत, तेल सोडत,
आत तारेच्या स्प्रिंगचा नवा आटा बसवला.
तिसऱ्या खेपेला बसला. पहिले दोन
डबीत आहेत, वाकडे.

मग बोल्ट.
अडला.
उलटा फिरवला, 'टक्' ऐकू येईपर्यंत,
पुन्हा सरळ. श्वास न रोखता.
एक.
दोन.

पाना अजून भिंतीवरच आहे.