अर्थ मिळत नाही

सोमवार, बुधवार, शनिवार
पहाटे साडेपाचला
नानांना मागच्या सीटवर बसवायचं,
उशी, डायलिसिसची फाईल, डब्यातला उपमा,
आणि किल्ली फिरवायची.

घ्रँ… घ्रँ…
थांबायचं.
घ्र्…
पहिल्या मजल्यावरच्या सामंतांची खिडकी
धाडकन् लागायची.
नाना मागून म्हणायचे, होईल. होईल गं.
चाळीस वर्षं गोदीत क्रेन चालवलेला माणूस,
यंत्राला घाई करू नये म्हणतो.

सगळ्यांनी सांगून झालं होतं.
वॉचमन तिवारी : थंडीमुळे.
मुंबईत, ऑक्टोबरात.
सेक्रेटरी : स्टार्टर गेला.
मेव्हणा, पुण्याहून फोनवर : बॅटरीच. लाव पैज.
म्हणून नवी बॅटरी घातली, अठ्ठेचाळीसशेची.
जुनी दुकानदाराने सहाशेला ठेवून घेतली,
मी वळूनही पाहिलं नाही तिच्याकडे.
नवीही तश्शीच कण्हली.

माझगावात परकारांचं गॅरेज.
त्यांनी आधी बॉनेटला हातच लावला नाही.
तू नुसती किल्ली मार, म्हणाले, मी ऐकतंय.
ऐकलं. विडी विझवली.
मग मीटरची एक तार बॅटरीच्या काळ्या टोकाला,
दुसरी थेट इंजिनाच्या लोखंडाला.
मार परत.
काटा दोनाजवळ जाऊन थरथरत राहिला.
अर्ध्यापलीकडे जायलाच नको होता म्हणे.

"बॅटरी बरी. स्टार्टर बरा.
अर्थ मिळत नाय हिला."

मी हसले. ते हसले नाहीत.
दहाचा पाना घेऊन आत वाकले
आणि बाहेर काढली एक विणलेली पट्टी,
शाळेतल्या पोरीच्या वेणीएवढी,
टोकाशी हिरवी, भुरभुरीत.
"बंदराची हवा. सुटलेली नाय ही,
पण धरून पण नाय."

पॉलिश पेपरने पट्टी घासली,
खालचा पत्रा घासला, पांढरा होईस्तोवर.
नट आवळला. वरून बोटभर ग्रीस.
दीडशे रुपये.
चहा त्यांनीच पाजला.

मला मात्र चहाभर ती जुनी बॅटरी आठवत राहिली.
देत होती बिचारी, होतं तेवढं सगळं.
पोचत नव्हतं, इतकंच.
दुकानात विचारलं जाऊन;
गेली म्हणाला, भंगारात, मंगळवारीच.

शनिवारी किल्ली फिरवली.
एका दमात.
सामंतांची खिडकी उघडीच राहिली.
मागे नानांचं "होई—"
तोंडातच अडकलं,
आणि भायखळ्याच्या सिग्नलपर्यंत
आम्हां दोघांना
बोलायला काही सुचेना.