रुमालाशिवाय

आप्पांनी चाळीस वर्षं भाव बोटांनी ऐकला.
सांगलीच्या यार्डात, हळदीच्या ढिगापाशी,
रुमालाखाली दोन हात, वर दोन कोरे चेहरे.
कोणतं बोट म्हणजे किती, ते मला अजून सांगितलेलं नाही.

मी त्याच यार्डात, भूपाल चौगुल्यांच्या अडतीत
पट्ट्या लिहिते.
बोटांचं मला येत नाही, अंगठ्याचं येतं.

भिशी लागली होती, आठ हजार.
अकलंकनं विश्रामबागेतल्या दुकानात खातं काढून दिलं.
पॅन, आधार, कॅमेऱ्याकडे बघा, डोळे मिटा, उघडा.
लग्नाच्या वेळीसुद्धा एवढं कुणी बघितलं नव्हतं मला.

कंपनी पाइप करते.
आमच्या मागच्या गल्लीत खणलेल्या रस्त्यावर
तिचे निळे पाइप आठ महिने पडून होते.
एवढाच अभ्यास.

सोमवार, सव्वानऊ. नऊ शेअर, चारशे बाराला.
चक्र फिरत राहिलं, रेंज गेली,
मी परत दाबलं.
रेंज आली तेव्हा माझे अठरा झाले होते.

दुपारी तीनशे शहाण्णव.
बुधवारी तीनशे एकाहत्तर.
सातशे अडतीस रुपये गेले, मी म्हटलं.
अकलंक म्हणाला, विकेपर्यंत जात नसतात, ताई.
हे वाक्य तीन रात्री उशाखाली घेऊन झोपले.
टोचत होतं.

लोकांच्या पट्ट्यांत
हमाली, तोलाई, अडत वजा करताना
माझा हात कधी अडला नव्हता.

आप्पांना सांगितलं नव्हतं.
जेवताना मी फोन पालथा ठेवायला लागले
तेव्हाच त्यांनी ओळखलं.
"कुणाकडनं घेतलंस?"
मी कंपनीचं नाव सांगितलं.
"कंपनी कशाला विकतीय तुला. विकणारा कोण?"

फोन सगळीकडनं बघितला.
एवढ्यांना घ्यायचंय, एवढ्यांना द्यायचंय,
हिरवे आकडे, तांबडे आकडे.
माणूस नव्हता.

"रुमालात हात आला की कळायचं," आप्पा म्हणाले.
"घामेजलेला हात गरजेचा.
गार, कोरडा हात आला की मी सौदा सोडायचो.
त्याला काहीतरी ठाऊक असायचं."

मग बोलता बोलता हरिपूरच्या पेवांवर गेले.
पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही.
दोरीला बांधून आधी कंदील सोडायचा.
विझला तर वर बसून राहायचं,
तंबाखू मळायची,
गिऱ्हाईक किती का खोळंबेना.
"तू आधी काय सोडलंस?"

निळे पाइप, मी म्हणाले.
ते हसले नाहीत.

ऑगस्टात मेसेज आला:
शेअरमागे सव्वा रुपया,
एकूण बावीस रुपये पन्नास पैसे, खात्यात जमा.
येताना भडंगाची पुडी आणली.
आप्पांनी शेंगदाणे वेचून माझ्याकडे सारले, दात नाहीत.
"कंपनीनं दिली?"
"हो."
"मग ही खरी."

दिवाळीच्या आधी चारशे एकोणीस झाला.
मी नऊ विकले.
ठरवून घेतलेले की चुकून घेतलेले,
हे फोनला सांगायची सोय नाही.
सगळं कापून सदतीस रुपये उरले.
चहा मागवला, यार्डातल्या सगळ्यांना नाही, दोनच.

चहा यायच्या आत आठवलं:
आत्ता कुणीतरी घेतले.
जालन्यात, नाहीतर कुठं, मला काय माहीत,
एखाद्या बाईच्या फोनवर चक्र फिरत असेल,
पहिलाच सोमवार असेल,
तिच्याही गल्लीत पाइप पडले असतील.
तिला माझा हात लागलाच नाही.
लागला असता, तर गार लागला असता का?

मी हात हातात घेऊन बघितला.
यार्डात बसून बसून नखं पिवळी,
तळवा कोमट.
यावरनं तर काहीच कळत नव्हतं.

उरलेले नऊ अजून आहेत.