काट्यापासून चाळीस पावलं

उदगीरच्या एमआयडीसीत तुरीचा हंगाम,
वजनकाट्यावर एक ट्रक, मागे सात,
आणि अयोध्याच्या स्क्रीनवर सकाळपासून तीच चौकट:
सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही.
"कनेक्टच व्हईना गेलंय," ती म्हणाली,
आणि मी काही विचारायच्या आधीच,
"म्या कशालाच हात लावला नाही बगा."

वहीत हातानं वजनं चालू होती तिची:
भरलेलं, रिकामं, निव्वळ.
वजाबाकी पेन्सिलनं, सही पेनानं,
कोपऱ्यात तारीख, वार,
आणि रात्री लाइट किती वाजता गेली तेही.

चाळीस पावलांवर मन्मथप्पांचं ऑफिस.
सर्व्हर त्यांच्या टेबलाखाली, चपलांशेजारी,
अंगावर चुनीची पिवळी साय.
"माझ्याकडं तर चालतंय की!" त्यांनी स्क्रीन वळवली.
खरंच चालत होतं.
"पोरीनंच कायतरी दाबलं असंल."

मी गुडघ्यांवर बसलो.
केबल बोटांत धरून सगळं अंगण चाललो;
उंदरानं एके ठिकाणी चव घेतली होती,
पण आतली तार शाबूत.
पिंग केलं. एका मिलिसेकंदात उत्तर:
आहे, इथंच आहे.
मग पोर्टवर टकटक, तेहतीसशे सहा.
नकार.
पुन्हा. नकार, आणि तोही तत्काळ,
ताटकळत ठेवून टाळणं नव्हे, तोंडावर.
फायरवॉल दोन मिनिटं उतरवली,
जीव मुठीत धरून परत चढवली.
सर्व्हिस चालू. डिस्कवर जागा भरपूर.
बाहेर निसारभाईंनी हॉर्न दिला, लांबलचक.

शेवटी थेट त्यालाच विचारलं: कुणाचं ऐकतोयस तू?
काळ्या खिडकीत एक ओळ उमटली:
एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक.
म्हणजे स्वतःचंच.
दार लावलेलं नव्हतं,
अंगणाकडं दारच नव्हतं.
ज्या मशीनवर तो बसलाय
त्याच मशीनवरून कुणी हाक मारली तर मान वर करणार.
म्हणून टेबलापाशी सगळं आलबेल
आणि काट्यावर आठ ट्रक.

सेटिंगची फाइल उघडली.
शेवटचा बदल: सोळा नोव्हेंबर.
तो मीच.
बाहेरचं कुणी शिरू नये म्हणून,
जास्तीची काळजी म्हणून,
निघता निघता टाकलेली एक ओळ.
रिस्टार्ट केलं नव्हतं, बस गाठायची होती.
तीन महिने ती तशीच पडून राहिली,
बियाण्यासारखी म्हणणार होतो,
पण बियाण्याचा काय दोष.
काल रात्री लाइट गेली, यूपीएस दमला,
पहाटे मशीन नव्यानं उठलं
आणि त्यानं पहिल्यांदाच माझं म्हणणं वाचलं.

ओळ बदलली. सर्व्हिस बंद, सर्व्हिस चालू.
अंगणापलीकडून अयोध्याचा आवाज, "आलं! आलं!"
"काय झालतं?" मन्मथप्पा म्हणाले.
"लाइटनं," मी म्हणालो.
निम्मं खरं होतं. निम्म्यावर मी गप्प बसलो.

केबिनीत ती चौदा गाड्या वहीतून चढवत होती.
थांबून म्हणाली, "काय बदललाव ते दावा की,
पुन्ना झालं तर मला कळावं."
फोटो काढून आणला होता, दाखवला.
तिनं ओळ पाहिली, मग तारीख पाहिली,
मग बोटाला थुंकी लावत वही मागं उलटली:
१६ नोव्हें. लातूरचे सर येऊन गेले. साडेचारच्या गाडीनं.

काही म्हणाली नाही.
वही मिटली, पुढची गाडी घेतली.

मी चाळीस पावलं परत गेलो.
शेट पावत्या लावत बसले होते.
"ती ओळ माझी होती," मी म्हणालो,
"पोरीनं काही केलं नव्हतं."
त्यांनी मान वर केली नाही.
ऐकलं की नाही, कळेना.
मी पुन्हा म्हणालो,
या वेळी मोठ्यानं,
काट्यापर्यंत जाईल असं.