परतभेट

नकाशा म्हणून आमच्याकडे एक ड्रॉइंग आहे.
पुढच्या बाजूला कुठल्याशा पंखाचा छेद, मिलिमीटरमध्ये मापं.
मागे पेन्सिलीनं काढलेलं गाव :
दगडी बुरुज, बुरुजांना टेकलेली घरं,
वर दोन डोक्यांचा डोंगर.
हा कागद ओझरच्या कारखान्याच्या फाटकातून
बाहेर कसा आला,
हे मी बेचाळीस वर्षांत एकदाही विचारलेलं नाही.

गुराम दीड वर्ष होता इथं.
सगळे त्याला रशियन म्हणायचे,
तो दर वेळी बोट हलवून नाही म्हणायचा.
एका रविवारी ह्यांनी त्याला स्कूटरवर घालून वणीला नेलं.
दर्शन झालं, नारळ फुटला,
आणि हा देवीकडे पाठ करून उभा.
समोर रवळ्या-जवळ्या, जुळ्यासारखे.
कितीतरी वेळ गप्प.
मग खिसे चाचपू लागला पेन्सिलीसाठी.

संध्याकाळी आमच्याकडे जेवला.
द्राक्षांना तिखटमीठ लावलेलं बघून हसत सुटला.
आमच्याकडे, म्हणाला, द्राक्षांचा रस रांजणात भरून
जमिनीत पुरतात, आणि वाट बघतात.
वाट बघतात हे त्यानं मराठीत म्हटलं.
कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

ब्याण्णव साली आम्ही धाडलेलं कार्ड परत आलं.
पाकिटावर आम्ही लिहिलेला देश
तोवर उरलाच नव्हता.

आता जेवणाच्या टेबलावर मेस्तिया पसरलंय.
शार्दूलनं मोबाइलवर वाट काढून दिली :
मुंबई, तिबिलिसी, मग आगगाडीनं झुगदिदी,
तिथून छोट्या गाडीनं वर, वळणं मोजत.
झुगदिदी! मला वाटलं कुणाची थोरली बहीण.
हे म्हणाले, त्यांच्यात दीदी म्हणजे मोठं,
पद्माकर दीदी म्हणायचा तो मला, उंचीवरून.
एवढं सांगून हे उठून गॅलरीत गेले,
दोऱ्यावरचे वाळलेले टॉवेल पुन्हा वाळत घातले.

पोस्टातली ठेव मोडायची की बँकेतली,
यावर दोन दिवस गेले.
स्वेटरवर तीन.
तिथं जूनमध्येही रात्री गारठा असतो म्हणे.
निफाडचा पारा उतरल्याची बातमी पेपरात आली
की कपाट उघडायचं,
एवढीच आमची थंडीची तयारी.
गुडघ्यांसाठी रोज पहाटे पांडवलेणी.
पहिल्या आठवड्यात मी अर्ध्या पायऱ्यांवर बसले,
हे वर पोचले आणि वरून ओरडले, बरंय तुझं!
पुढच्या रविवारी रामशेज.
जमलं तर तिकीट,
नाही जमलं तर बघू, असं ठरलंय.
बघू म्हणजे काय ते ठरलेलं नाही.

गुराम असला तर ब्याऐंशीचा.
पत्ता नाही, आडनाव आठवतं अर्धं,
शेवटी कुठंतरी ‘आनी’ आहे.
शार्दूल म्हणतो, तिकडे सगळ्यांचीच तशी असतात.
मी बाजूला खाकऱ्याची पाकिटं मोजते,
एक त्याच्यासाठी जादा धरते,
आणि तिखटमिठाची पुडी.
तिथल्या द्राक्षांना जूनमध्ये नुसतीच कच्ची मणी असतील
हे मला माहीत आहे.
असू दे.

काल रात्री व्हिसाचा फॉर्म भरत होतो.
प्रवासाचा हेतू, तिथं हे अडले.
पर्यटन लिहा, शार्दूल म्हणाला.
ह्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.
परतभेटीला काय म्हणतात इंग्रजीत?
अहो, आपण कधी गेलोय तिकडे?
तो आला होता ना, म्हणाले,
आपलीच राहिलीय.

शार्दूलनं पर्यटनच लिहिलं.
रकाना लहान होता.

दूधवाल्याला अजून सांगितलेलं नाही.