डावी बाजू

लग्नाच्या सहाव्या वर्षी आम्ही अंथरुणाच्या बाजू बदलल्या.
तेव्हापासून मी उजवीकडे.
डावीकडून ह्यांना काही सांगणं
म्हणजे भिंतीला सांगणं.

तोफखान्यात अकरा वर्षं.
कानात घालायला कापूस, तोही असला तर.
सरावात एकदा गोळा वेळेआधी सुटला
आणि डाव्या कानात शिट्टी सुरू झाली.
जेवताना वाजते, देवाला हात जोडताना वाजते,
हर्णैच्या जेटीवर लिलाव रंगला
की हे बोली बोलणाऱ्याच्या ओठांवरून भाव ओळखतात.

अलाहाबादचा कागद मी तीनदा वाचला,
मग थोरलीला मोठ्यानं वाचायला लावला.
नाईक हरेश्वर पांडू चोगले. अपंगत्व एकोणीस टक्के.
पेन्शन विसाला असते.

मी मासळी विकते, मला वजन कळतं.
पाटी जेटीवरून बाजारात नेईपर्यंत
बर्फाच्या पाण्याबरोबर एवढं तर गळूनच जातं,
त्यावरून कुणी गिऱ्हाईक परत पाठवत नाही.

खाली अजून एक ओळ होती:
घरचा धंदा मासेमारीचा, सबब
होडीच्या इंजिनाने कान गेला असण्याची शक्यता
नाकारता येत नाही.

हे हसले. जरा जास्तच मोठ्यानं,
ह्यांना स्वतःचा आवाज मापात धरता येत नाही.
"अगं, तेव्हा आपल्या होडीला शीड होतं."

खरंच, शीड होतं.
इंजिन आलं ते हे घरी आल्यावर,
फौजेनं हिशेब चुकता करून दिलेल्या पैशांतून.
मी काळी ट्रंक उघडली, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर,
आत डांबराच्या गोळ्या, एक मफलर, आणि पावती.
दापोलीचं दुकान, दोन सिलिंडर, रक्कम, सही.
सालाचा शेवटचा आकडा खाऱ्या हवेनं खाल्लेला.
वकील म्हणाले, तोच तर हवा होता.
दुकानदार वारला. मुलगा मोबाइल विकतो.
जुन्या वह्या? रद्दीत.

मग भरती उतरल्यावर होडीत चढले,
सोडणाने घासून घासून इंजिनावरची पट्टी उघडी केली.
कागद ठेवला, वरून पेन्सिल फिरवली,
साल उमटलं.

मुंबईला तारीख होती.
साहेब टेबलाच्या डाव्या टोकाला बसले,
तिथूनच दोन प्रश्न विचारले.
हे समोरच्या खिडकीकडे बघत राहिले, ताठ, शिस्तीत.
मी बाहेर बाकावर.
नंतर नक्कल मिळाली:
"अर्जदाराने उत्तर दिले नाही."
पेन्सिलीचा कागद फाइलला लावला म्हणतात.
पुढची तारीख नारळी पौर्णिमेनंतर.

त्या रात्री घरी पोचायला दोन वाजले.
हे उजव्या कुशीवर वळले, चांगला कान उशीत.
मी दिवा मालवून डावीकडे जाऊन पडले
आणि बांगड्या कुठे ठेवल्यात, किती व्याजानं,
थोरलीच्या कॉलेजचं काय ठरवलंय,
सगळं ह्यांना सांगून टाकलं,
हळू नाही,
नेहमीच्या आवाजात.