खिसे

तेवीस वर्षं मी या संघाचे कपडे धुते.
कोण किती पळालं ते मला पेपरवाल्यांच्या आधी कळतं,
बादलीतल्या पाण्यावरून.

ट्रोंडुरची सहा नंबरची जर्सी
तीनदा पिळली तरी गढूळ पाणी सोडायची.
डावा मोजा कायम हिरवा.
आम्हा फेरोकरांची मैदानं डोंगर फोडून केलेली,
वारा असा, की पेनल्टीला चेंडू जागेवर ठरत नाही;
कुणाला तरी पालथं पडून
तो बोटाने धरून ठेवावा लागतो.
त्या संध्याकाळी बार्डुरने धरला होता.
ट्रोंडुरने मारला.
बारवरून गेला, कुंपणावरून गेला,
समुद्रात गेला.
दोघं कितीतरी वेळ तिकडेच बघत राहिले,
जणू तो पोहत परत येणार होता.

मग गुडघा गेला. मग मासळीच्या कारखान्यात रात्रपाळी,
शाळेची पोरं, गावचा संघ,
आणि एका सकाळी रेडिओवर त्याचं नाव:
देशाचा प्रशिक्षक.
देश म्हणजे तरी काय, मूठभर माणसं
आणि त्यांच्याहून जास्त मेंढ्या.
इथे एखाद्याला वगळायचं
म्हणजे पावाच्या रांगेत
त्याच्या आईच्या मागे उभं राहायचं.

आता त्याचं जाकीट येतं धुवायला.
चिखलाचा ठिपका नाही.
फक्त खिसे आतून फाटलेले, दर सामन्यानंतर.
मी शिवते. तो फाडतो.
नव्वद मिनिटं मुठी ठेवणार कुठे माणूस?

मार्चमध्ये यादी लागली.
बार्डुरच्या मुलाचं नाव तीत नव्हतं.
पोरगं गुणी, पण वळताना अर्धं पाऊल मागे;
मलाही ठाऊक होतं ते, त्याच्या बुटांच्या टाचांवरून.
बार्डुर हल्ली फेरीबोटीवर तिकिटं कापतो,
आणि ट्रोंडुरला घरी जायला दुसरी बोट नाही.

मी होते तिच्यावर, कपड्यांच्या पिशव्या घेऊन.
चाळीस मिनिटं. चकार शब्द नाही.
धक्क्याला लागताना बोट कलली,
ट्रोंडुरच्या गुडघ्याने दगा दिला,
आणि बार्डुरने हात पुढे केला.
धरलं नाही त्याला.
नुसतं एक बोट टेकवलं खांद्यावर,
तो सरळ उभा राहीपर्यंत.

"तिकीट राहिलंय तुझं," म्हणाला मग.

ट्रोंडुरने खिशात हात घातला.
नाणी अस्तरात उतरली होती, खोल.
त्या आठवड्यात शिवायचं
माझ्याकडूनच राहून गेलं होतं.