पुरुषभर

आलेखात एक उसळी होती.
तीन सेंटिमीटर, एकाच दुपारी,
आणि मग पुन्हा जैसे थे.
ज्वालामुखी असा शिंकत नाही.
म्हणून जीप काढली. तेमुकोहून सात तास,
शेवटचे दोन नुसत्या राखेतून.

जीपीएसच्या खांबाला शेळीचे केस चिकटले होते.

"पाठ खाजवते ती," बाउदिलिओ म्हणाला,
"तुमच्या खांबाशिवाय इथे
उभं दुसरं आहेच काय?"
आणि कडू येर्बाचा पेला पुढे केला.
मी वहीत लिहिलं : कारण, शेळी.

मग त्याला चित्र दाखवलं,
सातशे किलोमीटरवरून काढलेलं.
दर बारा दिवसांनी येतो तो डोळा,
ढगांतून बघतो, अंधारातून बघतो,
बर्फ पडलं की मात्र चाचपडतो.
तळ्याभोवती रंगांची कडी,
दर कड्याला जमीन बोटाच्या पेराएवढी वर.
खोडातली वर्षं मोजावीत
तशी त्यानं ती मोजली.

"किती?"
वर्षाला वीतभर.
त्यानं जीपच्या दारावर वीत ठेवली,
उचलली, तिच्यावर आणखी एक ठेवली.
"खोटं. पाण्यातला तो खडक
माझ्या गुडघ्याएवढा होता. अजून तेवढाच आहे."
खडक, पाणी, गुडघा,
सगळंच मिळून चढतंय, मी म्हटलं,
कुणाच्या लक्षात येणार?

तो बराच वेळ शेळ्यांच्या पलीकडे बघत होता.
तिथे पत्र्याच्या छपराची हातभर देवळी,
विझलेली मेणबत्ती, एक लगाम.
रेमिहिओ, धाकटा भाऊ.
त्या वर्षी खाली निघायला उशीर केला त्यानं.
बारा हिवाळे झाले.

"म्हणजे हा..."
गणित त्याचं माझ्याआधी झालं होतं.
"पुरुषभर वर गेला," म्हणाला,
"आणि वर टोपी."

खाली शिलारस साचतोय हे मला सांगायचं होतं.
कधी फुटेल, फुटेल की नाही,
यावर आमच्यातच एकमत नाही, हेही.
माझ्या पिशवीत पत्रक होतं :
कोणत्या रंगाच्या इशाऱ्याला
कोणत्या वाटेनं उतरायचं.
ते त्यानं चार घड्या करून
येर्बाच्या डब्यात ठेवलं.
वाचलं नाही. टाकलंही नाही.

बारा दिवसांनी आलेख सरळ होता.
खांबाला काटेरी तार गुंडाळली असणार त्यानं.
शेळी आता कुठे पाठ खाजवते,
ते वरून दिसत नाही.